सचेतनपटातील अश्रू : करुणकथनातील एका रूढीची चिकित्सा

१

मुलांसाठी तयार होणाऱ्या मराठी सचेतनपटांत, म्हणजे ज्यांना आपण सर्रास ॲनिमेशन म्हणतो त्या चित्रकथनांत, एक खूण इतक्या नियमाने आढळते की तिच्याकडे आता कोणाचे लक्षही जात नाही. पात्राला दुःख झाले की त्याच्या डोळ्यांतून पाण्याचे दोन निळसर ओघळ वाहू लागतात. घरटे मोडले की चिमणी रडते, सावत्र आईने हाकलले की राजकन्या रडते, देवाचे दर्शन झाले की भक्त रडतो आणि कथा संपता संपता लबाड कोल्हाही पश्चात्तापाने रडतो. प्रसंग भिन्न, पात्रे भिन्न, भाव भिन्न; ओघळ मात्र एकाच आकाराचे.

हा विषय साहित्याच्या अभ्यासकाने का घ्यावा, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की हे दोष चित्रकाराच्या मेजावर जन्म घेत नाहीत. ते संहितेत असतात. ‘तो रडू लागतो’ हे वाक्य प्रथम लेखक लिहितो. आज अनेक अभ्यासक्रमांत माध्यमांतर आणि संहितालेखन यांचा समावेश झाला आहे, आणि आपले विद्यार्थी अशा संहिता लिहू लागले आहेत. त्यांना करुणरस आपण ज्या रीतीने शिकवितो, त्याच रीतीने तो पडद्यावर उतरणार. म्हणून प्रस्तुत लेखात अश्रूंच्या या अतिवापराचा विचार एका बाजूने रसशास्त्राच्या आणि दुसऱ्या बाजूने मराठी करुणकथनाच्या परंपरेच्या आधारे करावयाचा आहे.

२

भरताने आठ सात्त्विक भाव सांगितले. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. पदवीच्या वर्गातील विद्यार्थी ही यादी पाठ म्हणून दाखवितो. पण ‘नाट्यशास्त्रा’च्या सातव्या अध्यायात या यादीच्या आधी जो प्रश्न उपस्थित केला आहे त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. दुःख हे रोदनात्मक असते. मग जो स्वतः दुःखी नाही अशा नटाने ते कसे दाखवावे? भरताचे उत्तर ‘सत्त्व’ या संकल्पनेत आहे. मन पूर्णपणे एकाग्र झाले की अश्रू वा रोमांच देहावर उमटतात. एरवी त्यांची नक्कल करता येत नाही. रंगमंचावरील अश्रूला जे मोल आहे ते या दुर्मिळतेमुळे. हात कपाळाला लावणे कोणालाही जमते. डोळ्यांत खरे पाणी आणण्यासाठी नटाला काही द्यावे लागते, आणि प्रेक्षकाला ते कळते.

चित्रातील पात्राला मन नाही आणि देहही नाही. त्याच्या अश्रूसाठी कोणाला एकाग्र व्हावे लागत नाही, फक्त एक रेघ ओढावी लागते. उलट पाहता हात वळविणे, खांदे झुकविणे, चालीत जडपणा आणणे यांसाठी चित्रकाराला अनेक चित्रे काढावी लागतात. चित्रपटाच्या एका सेकंदात चोवीस चौकटी असतात. कमी खर्चाच्या निर्मितीत देह स्थिर ठेवून केवळ ओठ आणि पापण्या हलविल्या जातात, आणि अश्रूंचा ओघळ एकदा तयार झाला की त्याचेच आवर्तन हवे तितके वेळ फिरविता येते. नाट्यात जो अनुभाव सर्वांत महाग, तो सचेतनपटात सर्वांत स्वस्त ठरला आहे. माध्यम बदलले की अनुभावांचे मूल्यही बदलते, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावयास हवी.

यावरून एक निष्कर्ष निघतो. हाच या लेखाचा मुख्य मुद्दा. चित्रातील अश्रू हा नावाने सात्त्विक भाव असला तरी कार्याने तो तसा राहत नाही. तो एक लिखित चिन्ह बनतो. ‘याला दुःख झाले आहे’ ही पाटी पात्राच्या गळ्यात अडकविण्यासारखेच ते आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्हासात रसदोषांची जी गणना केली आहे तिच्या आरंभीच स्वशब्दवाच्यतेचा दोष येतो : भाव विभावानुभावांतून प्रतीत होण्याऐवजी तो त्याच्या नावानेच उच्चारला जाणे. सचेतनपटातील सवयीचा अश्रू हे स्वशब्दवाच्यतेचे दृश्य रूप होय. ‘शोक’ हा शब्द उच्चारला काय किंवा निळा ओघळ काढला काय, रसिकाच्या वाट्याला आस्वाद येत नाही. त्याला फक्त माहिती मिळते.

अतिरेकाचा दोष याहून वेगळा, आणि तोही प्राचीनांना ठाऊक होता. एकच रस पुनःपुन्हा उद्दीपित करणे हा मम्मटाच्या मते दोषच, आणि त्याचे उदाहरण म्हणून त्याने कोणा सामान्य कवीला नव्हे तर ‘कुमारसंभवा’तील रतिविलापाला पुढे केले आहे, ही बाब मोठी उद्बोधक आहे. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात हेच अधिक कोमलपणे सांगितले : परिपोष झालेला रस वारंवार हाताळला तर कुस्करलेल्या फुलासारखा कोमेजतो. कालिदासाच्या रतीलाही जे माफ झाले नाही ते आपल्या चिमणीला माफ का असावे?

आणखी एक तपशील पाहण्यासारखा आहे. भरताने अश्रूंची जी कारणे दिली आहेत त्यांत शोकाबरोबर आनंद, अमर्ष, भय आहेत. तसेच धूर, अंजन, जांभई, थंडी, रोग आणि टक लावून पाहणेही आहे. म्हणजे अश्रू स्वतः काहीच सांगत नाही. तो कशामुळे आला हे संदर्भ सांगतो. रुदनाचेही त्याने आनंदज, आर्तिज आणि ईर्ष्याज असे तीन प्रकार केले आणि प्रत्येकाला गालांची, ओठांची, भुवयांची, अंगविक्षेपांची वेगळी लक्षणे दिली. रडणे ओळखावयाचे ते पाण्यावरून नव्हे, पाण्याभोवतीच्या देहावरून, असा त्याचा अभिप्राय दिसतो.

३

जी विविधता शास्त्राने नोंदविली तिच्याहून मोठी विविधता मराठी भाषेने सांभाळली आहे. आपल्या भाषेत रडण्याला किती शब्द आहेत, याचा विचार विद्यार्थ्यांबरोबर एकदा मुद्दाम करावा. मुसमुसणे हे आवाज दाबून असते, कोणी ऐकू नये या धडपडीत. स्फुंदण्यात श्वास मधेच अडखळतो. हमसून हमसून रडते ते बहुधा मूल, किंवा मुलासारखे झालेले मोठे माणूस. ओक्साबोक्शी रडताना लोकलाज सुटलेली असते. धाय मोकलणे मृत्यूच्या दारात ऐकू येते. टाहो फोडणाऱ्याला कोणाला तरी हाक मारावयाची असते. ‘गळा काढला’ असे म्हणताना बोलणाऱ्याची नापसंती अथवा शंका त्यात मिसळलेली असते, आणि ‘भोकाड पसरले’ म्हटले की हट्टी पोरच डोळ्यांपुढे येते. टिपे गाळण्यात असहायता आहे, एकांत आहे. डोळे पाणावतात तेव्हा पाणी खाली पडत नाही. गहिवरण्यात ते डोळ्यांपर्यंत पोहोचतही नाही, गळ्यातच राहते.

आणि या सर्वांहून मला लक्षणीय वाटणारा वाक्प्रचार म्हणजे डोळ्याला पदर लावणे. येथे अश्रू दिसतच नाही. दिसतो तो हात आणि पदर. दुःख लपविण्याची कृतीच दुःखाची साक्ष देते. ज्या भाषेने हा वाक्प्रचार घडविला तिने सचेतनपटाच्या लेखकाला एक संपूर्ण दृश्य आयते दिले आहे, आणि तो मात्र ‘आई रडते’ एवढेच लिहून पुढे जातो! शब्दसंपत्ती इतकी आणि रेषा एकच, हा विरोध केवळ तंत्राच्या मर्यादेने समजावून सांगता येणार नाही.

४

मराठीत या रूढीचे मूळ शोधू गेल्यास बोट सामान्यतः साने गुरुजींकडे दाखविले जाते. त्याआधी गडकऱ्यांची सिंधू आहे, नंतर १९९१ साली प्रेक्षकांना रडविण्यासाठीच ज्याची ख्याती झाली तो ‘माहेरची साडी’ हा चित्रपट आहे. पण बालवाङ्मयापुरते बोलावयाचे तर ‘श्यामची आई’ हेच नाव पुढे येते. भाबडेपणा, भावविवशता, रडवेपणा हे आक्षेप या पुस्तकावर इतक्या वेळा घेतले गेले आहेत की ते आता त्याच्या परिचयाचाच भाग झाले आहेत. हे आक्षेप पूर्णतः निराधार नाहीत. श्यामच्या डोळ्यांत पाणी फार लवकर येते. तरीही या पुस्तकातील अश्रू आणि आजच्या सचेतनपटातील अश्रू एकाच जातीचे आहेत, हे मात्र मान्य करता येत नाही. ते का, हे पाहण्यासाठी एक वर्ष मागे, आणि वर्ध्याहून निघून धुळ्याला जावे लागेल.

१९२१ पासून वर्ध्यात आश्रम चालविणारे विनोबा भावे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे त्या वर्षीच्या २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत त्यांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. आज ‘गीता प्रवचने’ म्हणून आपण जे वाचतो ते या लेखणीमुळे. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्याच लेखणीने ‘श्यामची आई’ लिहिली. ही जवळीक चरित्रग्रंथांतून नोंदविली जाते, पण तिचा वाङ्मयीन अर्थ क्वचितच लावला जातो.

गीतेचा आरंभ एका रडणाऱ्या नायकापासून होतो. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात अर्जुनाचे डोळे अश्रूंनी भरलेले आहेत, आणि पुढचे सारे विवेचन म्हणजे त्या अश्रूंमागे काय आहे याची चौकशी आहे, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरू नये. विनोबांनी पहिल्याच प्रवचनात या अश्रूंना परखडपणे तपासले. अर्जुनाला हिंसेचा वीट आलेला नाही, त्याला स्वजनांचा मोह झाला आहे, हे सांगताना त्यांनी एका न्यायाधीशाचा दाखला दिला. शेकडो गुन्हेगारांना फाशी देणारा हा न्यायाधीश आरोपीच्या जागी स्वतःचा मुलगा उभा राहताच फाशीची शिक्षा किती अमानुष आहे यावर बोलू लागतो. अश्रू खरे असूनही साक्ष खोटी असू शकते, ही गोष्ट या दाखल्यात आली आहे. आणि ती लिहून घेणारा हात साने गुरुजींचा होता.

‘श्यामची आई’च्या रचनेत या संस्काराचा माग दिसतो, असे मला वाटते. पुस्तकाची मांडणी बेचाळीस रात्रींची आहे. मोठा झालेला श्याम आश्रमातील सोबत्यांना रात्री गोष्ट सांगतो. म्हणजे तेथे दोन श्याम आहेत, एक हट्टी, चुकणारा, कधी खोटे बोलणारा मुलगा आणि दुसरा त्या मुलाकडे मागे वळून पाहणारा निवेदक. बहुतेक अश्रूंचे खरे स्थान या दुसऱ्या श्यामच्या स्मृतीत आहे. लिहिताना आपले हृदय वारंवार गहिवरून आले असे लेखकाने प्रस्तावनेत स्वतःच सांगितले आहे. लहान श्यामला त्या क्षणी जे कळले नव्हते ते मोठ्या श्यामला उशिरा कळते, आणि त्या उशिराचे ते पाणी आहे. आईच्या प्रेमाचे माप अश्रूंनी घेतले जात नाही. ते वस्तूंनी घेतले जाते. एक पदर, एक पत्रावळ, एक शिंपटी, एक मोरी गाय.

पडद्यावर हे कथन आणताना नेमकी ही चौकट गळून पडते. निवेदक जातो, रात्र जाते, ऐकणारे सोबती जातात. उरतात फक्त रडणारी आई आणि रडणारा मुलगा. चौकटीविना उरलेला अश्रू मग तत्काळ आणि उघडा होतो. टीकाकारांनी ज्याला रडवेपणा म्हटले तो मूळ पुस्तकापेक्षा पुस्तकाच्या अशा संक्षेपांना अधिक लागू पडतो. शालेय पाठ्यपुस्तकातला सुटा उतारा हाही एक संक्षेपच. आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि तो त्याला पात्रही होता. पण पडद्यावर काय टिकते आणि काय गळते याचा अभ्यास करण्यासाठीही तो उत्तम नमुना आहे.

याच संदर्भात वर्ध्यातच जन्मलेल्या दुसऱ्या एका मातृस्मृतीची आठवण ठेवावी. संस्कृत गीता समजत नाही, मराठीत सोपी करून दे, या आईच्या इच्छेतून विनोबांनी १९३०-३१ मध्ये ‘गीताई’ रचली. १९१८ साली आई गेली तेव्हा अंत्यविधी पुरोहितांकडून होणार म्हणून ते स्मशानात गेले नव्हते. घरीच पठण करीत बसले होते. तेरा वर्षांनी तिने मागितलेली वस्तू तयार झाली. तिच्या नावात ‘आई’ आहे, पण मातृशोकाचा उल्लेख नाही. वर्ध्याच्या गोपुरीत गीताई मंदिराच्या उघड्या शिळांवर ती कोरलेली आहे. आमचे विद्यार्थी तेथे सहलीला जातात आणि अठरा अध्याय मोजून परत येतात. ‘श्यामची आई’ आणि ‘गीताई’ ही दोन पुस्तके करुणरसाच्या तासाला शेजारी शेजारी ठेवून शिकविली, तर शोकाचा अनुभाव म्हणून काय काय असू शकते याची कल्पना त्यांना येईल. एका माणसाच्या बाबतीत तो अनुभाव सातशे श्लोकांचा अनुवाद होता.

५

सचेतनपटाच्या इतिहासातही संयमाची उदाहरणे आहेत, आणि ती बहुधा सर्वमान्य श्रेष्ठ कृतींतच सापडतात. डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’मध्ये (१९३७) नायिकेच्या निष्प्राण देहाभोवती बुटके उभे आहेत ते दृश्य घ्यावे. रेखाटलेल्या बाहुल्यांसाठी प्रेक्षक रडतील काय, ही शंका तेव्हा निर्मात्यांना होती. त्या दृश्यात अश्रू आहेत, नाहीत असे नाही. पण एरवी सतत धडपडणाऱ्या, ठेचकाळणाऱ्या त्या बुटक्यांची हालचाल जवळजवळ थांबविली आहे. प्रेक्षकाला हलविते ते हे थांबणे. ‘बॅम्बी’त (१९४२) आईचा मृत्यू दाखविलाच नाही. गोळीचा आवाज येतो, नंतर पडणारा बर्फ आणि पिलाची हाक.

मात्र या सर्वांत माझ्या मते सर्वाधिक अभ्यसनीय दृश्य इसाओ ताकाहाता यांच्या ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ (१९८८) या जपानी पटात आहे. अकियुकी नोसाका यांच्या १९६७ च्या कथेवर तो आधारलेला आहे. १९४५ च्या बाँबवर्षावात कोबे शहर जळाले आहे. किशोरवयीन सेइता भाजलेल्या आईची अवस्था पाहून आला आहे. चार वर्षांच्या बहिणीला, सेत्सुकोला, तो ती सांगू शकत नाही. शाळेच्या मैदानात सेत्सुको आईसाठी हट्ट धरून खाली बसते आणि रडू लागते. सेइता तिची समजूत घालीत नाही, स्वतः रडतही नाही. तो तेथल्या आडव्या लोखंडी दांडीवर चढतो आणि तिच्याभोवती गिरक्या घेऊ लागतो. एक, आणखी एक, आणखी एक. बहीण कोपऱ्यात मुसमुसते आहे आणि भाऊ फिरतो आहे. या गिरक्यांचा अर्थ काय? बहिणीला रिझविणे, स्वतःला थकविणे, की तिच्याकडे पाहावे लागू नये म्हणून काहीतरी करीत राहणे? तिन्ही अर्थ त्यात आहेत आणि कोणताही उच्चारलेला नाही. एलियटने १९१९ साली ज्या वस्तुनिष्ठ सहसंबंधकाची कल्पना मांडली त्याचे याहून नेमके दृश्य उदाहरण शोधूनही लवकर सापडणार नाही. शिवाय सेत्सुकोचे रडणे येथे खटकत नाही, हेही पाहावे. तिचे पाणी आणि त्याची गिरकी एकमेकांना अर्थ देतात. अश्रू वर्ज्य नाही. तो एकटा पडला की पोकळ होतो.

आपल्याकडे १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनने तयार केलेला ‘एक अनेक और एकता’ हा छोटा पट एका पिढीला तोंडपाठ आहे. विजया मुळे यांच्या कल्पनेतून तो आकारला, भीमसेन यांनी तो दिग्दर्शित केला आणि संगीत वसंत देसाई यांचे होते. ‘श्यामची आई’ या चित्रपटाचे संगीतही त्यांचेच, हा योगायोग नोंदवून ठेवावा. ‘पंचतंत्रा’तील पारध्याच्या जाळ्यात सापडलेल्या पाखरांची ती कथा. संकटाचा सारा ताण पाखरांनी जाळ्यासकट आकाशात घेतलेल्या झेपेत साठविला आहे, आणि म्हणून पाहणाऱ्या मुलाच्या मनात झेप उरते. पुढे राम मोहन यांच्या मार्गदर्शनाखाली युनिसेफसाठी घडलेल्या ‘मीना’च्या कथांतही हाच मार्ग दिसतो. स्वतः झाडावर चढून आंबा काढला तरी मोठा वाटा भावालाच मिळतो, या अन्यायावर मीना रडत बसत नाही. दिवसभराची कामे अदलाबदल करून पाहण्याचा प्रस्ताव येतो आणि अन्याय कामांच्या रूपाने दिसू लागतो.

त्याही मागे जावयाचे तर सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने जपलेली चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या आहेत. चित्रकथीतील चित्र हलत नाही; एकामागून एक पाने पुढे येतात आणि शोक गाणाऱ्याच्या आवाजात असतो. कळसूत्री बाहुलीचा लाकडी चेहरा कोरल्यानंतर बदलतच नाही. सीता हरवली तरी रामाचा चेहरा तोच. दोरीने मान किंचित खाली येते, हात कपाळाशी जातो, आणि पाहणारा स्वतःच्या मनातले दुःख त्या चेहऱ्यावर ठेवतो. रडू न शकणाऱ्या साधनाने करुणकथा सांगण्याची विद्या आपल्या प्रांतात पिढ्यान्‌पिढ्या होती. सर्व काही करू शकणारे साधन हाती आल्यावर ती विसरली जावी, ही खेदाची गोष्ट आहे.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. मुलांना सूक्ष्म अनुभाव कळणार नाहीत, त्यांना भाव स्पष्ट करूनच दाखविले पाहिजेत, असे निर्माते सांगतात आणि काही शिक्षकही. यात अल्पसे तथ्य आहे. अगदी लहान मुलाला खुणेचा आधार लागतो. रडण्याला लाजू नये, हे सांगण्याचीही गरज असते. ‘इनसाइड आउट’ (२०१५) या पटाची सारी कथाच दुःखाला जागा द्यावी लागते या जाणिवेवर उभी आहे. पण तेथे ती जाणीव होईपर्यंत दीड तास खर्ची पडतो, आणि मुलीच्या डोळ्यांत पाणी येते तेव्हा ते बराच काळ अडलेले असते. उलट प्रत्येक दोन मिनिटांनी वाहणारे पाणी मुलाला काय शिकविते? दुःख म्हणजे ओघळ, आणि ओघळ नसेल तर दुःख नाही.

आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली त्यांत वर्धा होता. आर्वी, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर या भागांतील वर्गखोल्यांत अशा घरांतून आलेली मुले बसली आहेत, हे येथील प्रत्येक शिक्षक जाणतो. ती रडत नाहीत. पहिल्या दिवसाचा टाहो गावाने ऐकलेला असतो. त्यानंतर तेरवी होते, पाऊस येतो आणि पेरणी कोणी करावयाची हा प्रश्न समोर उभा राहतो. मुलाचे दुःख मग तो डवऱ्यामागे चालू लागतो यात असते, वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसतो यात असते, नको तितका हसतो यातही असते. वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे आले ते रडणारे चेहरे शोधीत. न रडणारी आई त्यांच्या उपयोगाची नव्हती. ज्या शिक्षकाची आणि ज्या सोबत्यांची दृष्टी फक्त ओघळ ओळखण्यासाठी घडली आहे, त्यांना शेवटच्या बाकावरचा हा मुलगा कसा दिसणार?

सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) या विदर्भातील शेतकऱ्यावरील चित्रपटाने हे ओळखले होते. शेजाऱ्याने आत्महत्या केल्यावर अलकाला आपल्या नवऱ्याची भीती वाटू लागते, आणि ती लहान मुलाला त्याच्या पाळतीवर ठेवते. बाप जेथे जाईल तेथे पोर मागे. हे दृश्य पाहताना प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता त्याला कळते की घरात केवढी भीती राहते आहे. हा सचेतनपट नाही. पण त्याच्या लेखकाने याहून वेगळे काय करावयाचे असते?

७

शेवटी संहितालेखनाच्या तासाला करून पाहण्यासारखा एक प्रयोग सुचवितो. ‘श्यामची आई’तील अळणी भाजीचा प्रसंग विद्यार्थ्यांना सचेतनपटाच्या संहितेत लिहावयास सांगावा. अट एकच, डोळ्यांत पाणी नाही. आई भाजीत मीठ घालावयास विसरली आहे. वडील जेवतात, भाजीची तारीफ करतात, मुलांनाही काही बोलू देत नाहीत. सर्वांचे जेवण झाल्यावर आई पानावर बसते आणि पहिल्या घासाला तिला उमगते. मीठ दिसत नाही आणि चवही दिसत नाही. मग काय दाखविणार? विद्यार्थ्याला वडिलांचा हात पाहावा लागेल. पहिल्या घासानंतर तो क्षणभर थांबतो की थांबत नाही, हे ठरवावे लागेल. तो थांबला तर श्यामने ते पाहिले काय. भाजी पुन्हा मागून घेतली तर ती किती. कोणाची नजर कोणाकडे गेली आणि कोठे परतली. आणि आईच्या तोंडातला घास किती चौकटी तसाच राहिला.

अनेकांच्या पहिल्या मसुद्यात आई शेवटी रडेल. तो मसुदा परत करावा आणि तिच्या हातात काय आहे, ते लिहून आणावयास सांगावे.